दिवाळी आधी की बोट पाण्यात आधी? (मुक्काम त्रिनिदाद, शिडीवरून अकरा फूट वर)

ओहोटी | १३ ऑक्टोबर २०२४

लोकहो, काल दसरा झाला. ग्राइंडर, सँडर, पान्यांचा डबा आणि मल्टिमीटर मांडून झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. नवऱ्याने मनोभावे नमस्कार केला आणि लगेच सँडर उचलायला हात पुढे केला. म्हटलं, आजचा दिवस हत्यारांना बसू दे. तर म्हणे, "आज पाऊस नाहीये." तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. मी रत्नागिरीची, नवरा सोलापूरचा. उजनीचं धरण हाच त्याचा लहानपणीचा समुद्र. चौदा वर्षं टोरांटोत नोकऱ्या केल्या आणि दोन वर्षांपूर्वी ग्रेनाडात एक जुनी शिडाची बोट घेतली. ३६ फूट, फायबरग्लास, १९८४ सालची. नाव ठेवलं 'सुरंगी'. तेव्हापासून हेच घर. तो आठवड्यातले चार दिवस लॅपटॉपवर काम करतो, मी इथूनच दोन कंपन्यांचे हिशेब बघते. उरलेला वेळ बोट खाते.

कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. त्रिनिदाद साडेदहा अंश उत्तरेवर, म्हणजे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली. म्हणून पावसाळ्यात बोटी इथे येऊन जमिनीवर बसतात. आपल्याकडे होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, तसंच. फक्त इथे झावळ्यांऐवजी ताडपत्री आणि ओंडक्यांऐवजी लोखंडी टेकू. यंदा आम्ही २९ जूनला संध्याकाळी ग्रेनाडातून निघालो, रात्रभरात ऐंशी-पंच्याऐंशी सागरी मैल. १ जुलैला बेरिल हे वादळ ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर चौथ्या श्रेणीचं होऊन आदळलं. तिथल्या खारफुटीत बोटी लपवायची जुनी पद्धत आहे. त्या लपवलेल्या बोटी नंतर फोटोंमध्ये काडेपेटीतून सांडलेल्या काड्यांसारख्या दिसत होत्या. त्यातली एक आमच्या ओळखीच्या जोडप्याची होती. त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही, पण करतेच.

इथल्या चॅगवारामसच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात बोट वर काढल्यावर कळलं की पोटाला फोड आलेत. खरेच फोड. फायबरग्लासमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आत आंबट पाण्याच्या पुळ्या तयार होतात. फोडल्या की व्हिनेगरचा वास. चाळीसेक निघाल्या. प्रत्येक घासून उघडायची, गोड्या पाण्याने धुवायची, वाळू द्यायची, मग इपॉक्सीची लांबी भरायची. 'वाळू द्यायची' हे त्रिनिदादच्या पावसाळ्यात म्हणायला सोपं आहे. शिवाय पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याचं बेअरिंग झिजलंय, एक समुद्रझडप (बोटीच्या पोटातून पाणी आत-बाहेर सोडणारी) घट्ट बसलीय, आणि शेवटी सगळ्या पोटाला शेवाळ-कालवं न चिकटणाऱ्या विषारी रंगाचे दोन हात.

आता प्रश्न. यार्डाने पाण्यात उतरवायला दोन तारखा दिल्यात: ३० ऑक्टोबर किंवा ७ नोव्हेंबर. ३१ ला इथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी आहे (होय, १९६६ पासून). नवऱ्याचं म्हणणं, रात्रंदिवस राबून ३० ला उतरू आणि पाण्यावर दिवाळी करू. माझं म्हणणं, गेल्या वर्षी पाडव्याला मी इंजिनाखाली टॉर्च धरून पडले होते आणि त्याच्या आदल्या वर्षी अभ्यंगस्नान यार्डाच्या होजपाइपने झालं होतं. यंदा फराळ करायचाय, बसून खायचाय, नखांत निळा रंग नसताना.

तुमचं मत सांगा. जोडीला दोन शंका. या दमट हवेत चकली कुरकुरीत कशी ठेवायची? आणि ते बेअरिंग हलत नाहीये, काय करू?

---

देवगडचो_तात्या | १३ ऑक्टोबर

गो बाये, होडयेचा काम कधी सरणा नाय. आमचो बापूस म्हणायचो, होडी आणि सासू, दोघांची रोज चौकशी करूक व्हयी.

आता शुद्धात लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील. आमच्याकडे पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. या दोन महिन्यांत होडीचं सगळं काम उरकायचं असतं आणि दर वर्षी कोणाचं ना कोणाचं तरी उरकत नाही. म्हणून काय नारळी पुनवेचा नारळ थांबतो? होडी अर्धी रंगवलेली असली तरी तिला हार घालतात, नारळ सोडतात, घरी नारळीभात होतो, आणि दुसऱ्या दिवशी परत ब्रश. ७ तारीख घे.

---

इंजिनरूम | १४ ऑक्टोबर

एकतीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली आहेत, म्हणून बेअरिंगवर बोलतो. दिवाळीवर बाकीचे बोलतीलच.

तुम्ही म्हणताय ते कटलेस बेअरिंग. बाहेरून पितळी नळी, आत खाचा पाडलेलं रबर, आणि वंगण म्हणून समुद्राचंच पाणी. चाळीस वर्षांच्या बोटीत ते हातोडीने निघेल ही आशा सोडा. हातोडीने ब्रॅकेट (बेअरिंग धरणारा आधार) वाकतो, मग खर्च वेगळाच. शाफ्ट, म्हणजे तो दांडा, काढला आहे का? काढला असेल तर ब्रॅकेटवरचे छोटे स्क्रू आधी शोधा, ते बहुतेक वेळा रंगाखाली दडलेले असतात. मग हॅकसॉचं नुसतं पातं आतून घालून नळीला लांबीच्या दिशेने चीर पाडा. घाई नको. नळी आणि ब्रॅकेट यांचा धातू दिसायला सारखाच असतो, कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला ते हाताला कळतं, डोळ्याला नाही. दुसरी चीर शेजारीच, मग मधली पट्टी आत दुमडा.

नवीन बसवताना ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि ब्रॅकेटवर गरम पाण्याची फडकी टाका. साबणाचं पाणी चालेल, ग्रीस नको, रबराला मानवत नाही. सरकत जाऊन बसलं पाहिजे.

आणि ३० तारखेचा विचार डोक्यातून काढा. घाईत बसवलेली वस्तू पाण्याखाली गेल्यावर पुन्हा हाताला येत नाही.

---

पेठेतली_सुगरण | १४ ऑक्टोबर

चकलीचं मी सांगते. भाजणी कुठून आणलीस? मोहन कडकडीत हवं आणि पीठ गरम पाण्यात भिजवून झाकून ठेव. पण तुझा खरा प्रश्न तळल्यानंतरचा आहे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. एवढं करूनही मऊ पडली तर तुझ्याकडे ओव्हन नसेल, तेव्हा तव्यावर अगदी मंद आचेवर शेकव. सगळी एकदम तळूच नकोस. दोन दिवस पुरेल एवढी कर.

सोऱ्या आहे का?

---

ओहोटी | १४ ऑक्टोबर

तात्या, धन्यवाद. नवऱ्याने सासूचं वाक्य वाचून दाखवायला लावलं, दोनदा.

इंजिनरूम, शाफ्ट काढलाय. स्क्रू सापडले, दोन्ही. खरंच रंगाखाली होते, आम्ही दोन दिवस ठोकत होतो. शरमेने सांगतेय.

सुगरणताई, भाजणी बहिणीने टोरांटोहून पाठवली. सोऱ्या नाही. नवऱ्याने सीलंट भरायची बंदूक पुढे केली, "नवीकोरी आहे, पाकीटबंद" असं म्हणत. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

---

पेठेतली_सुगरण | १४ ऑक्टोबर

नको!!! नवीकोरी असली तरी नको. जाड प्लॅस्टिकची पिशवी घे, कोपरा काप, केकच्या आयसिंगचं चांदणीचं नळकांडं बसव. काटे हवेतच, नाहीतर तेल पिते.

---

स्पष्टवक्ता_९९ | १५ ऑक्टोबर

वाईट वाटून घेऊ नका पण हे श्रीमंतांचे चोचले आहेत. इकडे लोक ईएमआय भरता भरता दिवाळी करतात. 'यॉट' कधी उतरवायची हा प्रश्न असलेल्यांचा हेवा वाटतो.

---

ओहोटी | १५ ऑक्टोबर

बोट घेतली ती ठाण्यातल्या वन बीएचकेच्या निम्म्या किमतीतही नाही. जमिनीवर असताना सिंकचं पाणी बादलीत धरावं लागतं, कारण खाली रंगाचं काम चालू आहे. संडास वापरता येत नाही, रात्री दोन वाजता लागली तर अकरा फूट शिडी उतरून, डास मारत, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. हेवा करायचा असेल तर ट्रेड वारा पाठीवर घेऊन जाणाऱ्या दिवसांचा करा, ते आहेत. वर्षातून साठेक.

---

पंचांगी | १६ ऑक्टोबर

धाग्याचा मूळ प्रश्नच चुकीच्या तारखेवर उभा आहे. यंदा अमावास्या ३१ ला दुपारी लागते आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळपर्यंत आहे. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन शुक्रवार १ नोव्हेंबरला दिलं आहे. ३१ ला नरक चतुर्दशी. पाडवा २, भाऊबीज ३. त्रिनिदादवाले ३१ ला करत असतील तर त्यांचा हिशेब वेगळा.

---

उगाचच | १६ ऑक्टोबर

पंचांगी, तुम्ही हे भारतीय वेळेनुसार सांगताय. त्रिनिदाद साडेनऊ तास मागे आहे. ;)

---

पंचांगी | १६ ऑक्टोबर

त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

---

उगाचच | १६ ऑक्टोबर

नको, नको, माघार.

---

ओहोटी | १६ ऑक्टोबर

उलट मला हे फार सोयीचं झालं! ३१ ला त्यांची दिवाळी, १ ला आपली. दोन्ही मिळतात.

त्यांची म्हणजे कोणाची, ते सांगते. यार्डात फायबरग्लासचं काम करणारे एक काका आहेत. आमच्या बोटीचे फोड त्यांनीच पहिल्यांदा बोट टेकवून दाखवले. वय साठीच्या पुढे. आडनाव ऐकून मी एकदम हिंदीत सुरू झाले तर हसले, म्हणाले आजीला येत होती, मला फक्त शिव्या आणि भजनं येतात. इथे पहिलं जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ ला कलकत्त्याहून आलं, उसाच्या मळ्यांसाठी करारावरचे २२५ मजूर घेऊन. १९१७ पर्यंत एकंदर सुमारे १ लाख ४३ हजार माणसं आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. आपले मराठी लोक त्या काळात मॉरिशसला गेले, इकडे फारसे नाहीत. म्हणून मी इथल्या देवळात 'सुखकर्ता' म्हटलं तर कोणी साथ देत नाही, पण भाजीवाली 'बैगन', 'करैली' म्हणते आणि जिऱ्याला 'गीरा'.

काकांनी ३१ ला घरी बोलावलंय. चगवानासजवळ फेलिसिटी म्हणून गाव आहे, दिवाळीच्या रोषणाईसाठी नावाजलेलं. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

---

लेमनग्रास | १७ ऑक्टोबर

आम्ही हॉलंडमध्ये कालव्यावरच्या जुन्या मालवाहू बोटीत नऊ वर्षं राहतोय. आमचा नियम सांगते: सणाच्या आधी तीन दिवस नवीन काही उघडायचं नाही. पाण्याचा पंप 'जरा बघतो' म्हणून नवऱ्याने गणपतीच्या आदल्या दिवशी उघडला होता. मोदक शेजाऱ्यांच्या बोटीवर उकडले.

आणि ते विष पोटाला लावाल तेव्हा मास्क, हातमोजे, अंगभर कागदी सूट. कोरडं घासू नका, ओलं घासा. त्यातली तांब्याची पूड नखांत राहते, आणि त्याच हाताने तुम्ही भाजणी मळणार आहात. कामं वाटून घ्या: रंग त्याचा, पीठ तुमचं.

---

देवगडचो_तात्या | १७ ऑक्टोबर

लेमनग्रास +१. नवऱ्याक सांग, रंग तुझो, फराळ माझो. खाण्यापुरतो हात धुऊन ये.

---

ओहोटी | २२ ऑक्टोबर

अपडेट. बेअरिंग निघालं! पात्याने दीड तास. इंजिनरूम, तुम्ही म्हणालात तसंच झालं, एका क्षणी पात्याचा आवाज बदलला आणि नवऱ्याने हात थांबवला.

आमचा फ्रीज पिटुकला, त्यात फ्रीझर नाहीच. शेजारच्या बोटीवरच्या फ्रेंच आजींकडे आहे. त्यांच्याकडे मी आधीच करंज्यांसाठी खवलेलं ओलं खोबरं ठेवलं होतं. आता त्याच खणात खोबऱ्याची पिशवी, नवं बेअरिंग आणि त्यांची कोळंबी. आजींनी विचारलं की यातलं करंजीत काय घालायचं असतं.

सकाळी सहाला गरम फडकी टाकून बसवलं. लोण्यासारखं सरकलं. नवरा इतका खूश झाला की ३० तारीख पुन्हा डोक्यात आली. "आता फक्त इपॉक्सी आणि रंग," म्हणाला. त्या 'फक्त'ला माझा आक्षेप नोंदवून ठेवते.

---

इंजिनरूम | २२ ऑक्टोबर

अभिनंदन. 'फक्त'ला माझाही आक्षेप नोंदवा.

---

ओहोटी | २६ ऑक्टोबर

नोंदवलेला आक्षेप मंजूर झाला.

इपॉक्सीचं काम पाकासारखं आहे. एकतारी कधी होतो आणि गोळी कधी धरते यात मिनिटाचा फरक. जास्त मिसळून भांड्यात तशीच ठेवली तर आपोआप तापते, धूर येतो, भांडं वितळतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं. लहान लहान घाणे घेत होतो. चुकलं ते पुढचं. दमट हवेत इपॉक्सी सुकताना वर एक मेणचट थर येतो. साध्या पाण्याने आणि घासणीने तो धुवून काढायचा, मग वाळवून पुढचा हात. २३ च्या रात्री ढग दाटले म्हणून नवऱ्याने डोक्याला टॉर्च बांधून, न धुता, थेट प्रायमर लावला. मी झोपले होते. (मी जागी असते तर अडवलं असतं, असं मी गेले तीन दिवस म्हणतेय. खरं सांगायचं तर रात्री अकराला मीही 'लाव, पाऊस येईल' म्हणाले असते.)

काल सकाळी काकांनी अंगठ्याच्या नखाने प्रायमर उचलला. पापडासारखा निघाला, अख्खा. पुन्हा घासणं, धुणं, वाळवणं.

काका काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, गुरुवारी किती वाजता घ्यायला येऊ? नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग तोच ऑफिसात गेला आणि ७ नोव्हेंबर करून आला.

---

उगाचच | २६ ऑक्टोबर

म्हणजे धाग्याचा निकाल पापडाने लावला. 😀

---

लेमनग्रास | २६ ऑक्टोबर

आता तीन दिवस काही उघडू नका!! शपथ.

---

पेठेतली_सुगरण | २९ ऑक्टोबर

धनत्रयोदशीच्या शुभेच्छा. चकली?

---

ओहोटी | २ नोव्हेंबर, पाडवा

आज सगळं सांगते, सावकाश. नवरा खाली ओल्या सँडपेपरने घासतोय. सणाच्या दिवशीच, हो. पण त्याने आधी अभ्यंगस्नान केलं, ओवाळून घेतलं आणि मला ओवाळणी म्हणून कागदी सूटांचं नवं पाकीट दिलं. दहा नग. साडीपेक्षा जास्त नेसले जातील.

चकली आधी. बोट टेकूंवर जराशी एका अंगावर कललेली आहे, पावसाचं पाणी एका बाजूने वाहून जावं म्हणून. त्यामुळे जमिनीवर असूनही घर तिरकं. पण आमची शेगडी दोन खिळांवर झुलती आहे, समुद्रात बोट कलली तरी कढई सपाट राहावी म्हणून. समुद्रात मी कधी तळत नाही. वर्षातून एकदा, जमिनीवर असताना, ती शेगडी माझ्यासाठी सपाट राहिली. आयसिंगच्या नळकांड्यातून चकल्या जरा बारीक आल्या, पण काटे आले. पहिला घाणा हसला, म्हणजे विरघळला. मग पीठ थोडं वाढवलं. तांदळाची पुरचुंडी काम करते आहे. तिसरा दिवस, अजून वाजतेय.

३१ ला काका संध्याकाळी चारला आले. फेलिसिटीला पोचेपर्यंत अंधार पडत होता. मी आजवर एवढ्या पणत्या एकत्र पाहिलेल्या नाहीत. पणतीला इथे 'डीया' म्हणतात. बांबू उभे चिरून वाकवतात, कमानी, कळस, मोर करतात, आणि त्या वाकवलेल्या बांबूंवर ओळीने पणत्या बसवतात. त्यात खोबरेल तेल. त्या वासाने मी एकदम रत्नागिरीत. गावभर खोबरेल जळतंय आणि माणसं अंगणात उभी राहून येईल-जाईल त्याला बोलावताहेत. ओळख लागत नाही. आम्हाला तीन घरांत जेवावं लागलं. सगळं शाकाहारी: दालपुरी, भोपळा, चणा-बटाटा, आंब्याची कुच्चेला (लोणचं). आणि परातभर 'कुर्मा'. मी घास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं, त्यानेही माझ्याकडे. शंकरपाळी! लांबट कापलेली, आलं घातलेली, वरून साखरेचा पाक चढवलेली, पण शंकरपाळीच. मी आमचा डबा उघडला. काकूंनी चकली हातात फिरवून पाहिली आणि विचारलं की हे कोणत्या साच्यातून काढलं. केकच्या, म्हटलं.

नवरा तिथे पोरांबरोबर बसून पणत्यांत तेल घालत होता. शंभरेक तरी भरल्या असतील. एकदाही बोटीचं नाव काढलं नाही. परतताना गाडीत काढलं.

काल आपलं लक्ष्मीपूजन. यार्डात उघडी ज्योत चालत नाही, आणि बरोबरच आहे: ॲसिटोन, थिनर, रेझिनचे डबे जिकडेतिकडे. आमच्या बोटीखालीच असिटोनचा कॅन. म्हणून बोटीत पणती नाही. नवीन झाडू आणला, त्याची पूजा केली. रात्री आठला समुद्राकाठच्या मोकळ्या धक्क्यावर जाऊन, वाऱ्यात, दोन डीया लावल्या. काकूंनी दिल्या होत्या. चार मिनिटं टिकल्या. पाचव्यांदा लावताना फ्रेंच आजी छत्री घेऊन आल्या आणि आडोसा धरून उभ्या राहिल्या.

आता नवा प्रश्न, यासाठीच खरं लिहितेय. लक्ष्मीला बसवायला पाट नव्हता. नवऱ्याने केबिनमध्ये उतरायच्या पायरीसाठी सागवानाची फळी आणली होती. इथे सागवान मिळतं बरं का, १९१३ साली ब्रह्मदेशातून बी आणून लागवड केली होती. फळी इतकी सुंदर निघाली की तीच पाट म्हणून मांडली. वर कुंकवाचं स्वस्तिक, अक्षता, सगळं. आज सकाळी तो ती घेऊन पायरीच्या जागी मापं लावतोय. मी म्हटलं, लक्ष्मी बसलेल्या पाटावर पाय ठेवायचा? तो म्हणतो, इपॉक्सी न धुता रंग लावला तेव्हा कुठला देव आडवा आला होता. मला तर्क कळला नाही. पण पायरी तर हवीय. काय करायचं?

---

स्पष्टवक्ता_९९ | २ नोव्हेंबर

छत्रीवाल्या आजींना माझा नमस्कार सांगा. आधीच्या प्रतिसादाबद्दल दिलगीर, जरा चिडचिडीत लिहिला होता.

पायरी करा. लाकूड आहे.

---

पंचांगी | २ नोव्हेंबर

विसर्जनानंतर पाट हा पाटच. अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हणालात ना? मग दोष नाही. तरी पायाखाली नको असं माझं व्यक्तिगत मत.

---

पेठेतली_सुगरण | २ नोव्हेंबर

पायरी अजिबात नको गं. दुसरी फळी आण. पोळपाट कर त्याचा.

---

लेमनग्रास | २ नोव्हेंबर

उलटी बसवा. कुंकवाची बाजू खाली, पाय वरच्या बाजूला. आमच्या बोटीत अशा बऱ्याच गोष्टी उलट्या बसवलेल्या आहेत.

---

देवगडचो_तात्या | ३ नोव्हेंबर

आमच्या जुन्या होडीवर सुकाण्याकडे तांडेलाचा पाट असायचा. बापूस त्याच्यावर बसायचा, दुसरं कोणी बसलं तर हाक मारून उठवायचा. होडी मोडली तेव्हा बाकी लाकूड विकलं, तो पाट आईने ठेवून घेतला. अजून देवाखाली आहे.

सुकाण्याजवळ बसायला लाव. पायाखाली नको, बुडाखाली चालता. 😄

---

ओहोटी | ८ नोव्हेंबर

काल उतरलो.

सकाळी नऊची वेळ होती, साडेअकरा झाले. चार मोठी चाकं असलेली ती उंच गाडी आली, पोटाखालून दोन पट्टे घातले आणि आमचं घर, सगळ्या डबेभांड्यांसकट, हवेत. पट्ट्यांत लटकत असतानाच पाण्यात अर्धवट उतरवतात आणि थांबतात. त्या वेळी आत जाऊन झडपा आणि शाफ्टची पेटी (दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी) बघायची. गळत असेल तर परत वर.

मी नारळ आणला होता. गाडी चालवणाऱ्याने तो हातात पाहिला आणि काही न विचारता इंजिन बंद केलं, टोपी काढली. यार्डात एवढी शांतता मी चार महिन्यांत ऐकली नव्हती. नारळ न फोडता सोडला, तात्यांच्या पद्धतीने. काका धक्क्यावरून ओरडले, आता जा आत, बघ पाणी कुठून येतंय!

झडप कोरडी. बेअरिंग उत्तम, शाफ्ट हाताने फिरतो. पेटीतून थेंब येतोय. इंजिनरूम, बंद असताना मिनिटाला दोन. नट अजून आवळायचा का?

---

इंजिनरूम | ८ नोव्हेंबर

आज नको. पेटीत दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी अजून पाणी प्यायची आहे. इंजिन गिअरमध्ये टाकून अर्धा तास चालवा, मग पेटीवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकी गरम नको. चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब हवेतच, त्यानेच ती गार राहते. बंद केल्यावर मोजा. तरी येत असेल तर नटाला षष्ठांश फेरा, जास्त नाही.

नारळाचं वाचून बरं वाटलं.

---

उगाचच | ८ नोव्हेंबर

चकली संपली का?

---

ओहोटी | ९ नोव्हेंबर

अर्धा तास चालवलं. कोमट. बंद केल्यावर दहा मिनिटांत एक थेंब, नवरा स्टॉपवॉच घेऊन बसला होता.

चकल्या चार उरल्यात. दोन आजींना जातील.

तात्या, पाट सुकाण्याजवळ लावायचं ठरलं. आज मापं घेतली. दीड इंच कमी पडतोय.